खर्जांचा वाद : स्पॅनिश भावगीताच्या उगमाचा शोध कुठवर आला?

1948 साली 'अल-अंदलुस' या माद्रिद-ग्रानादाच्या संशोधन-नियतकालिकात एक फ्रेंच लेख छापून आला. लेखक होता सॅम्युएल स्टर्न, अजून तिशीही न गाठलेला, पण हिब्रू आणि अरबी हस्तलिखितांत मुरलेला अभ्यासक. मध्ययुगीन स्पेनमध्ये ज्यू कवींनी रचलेल्या वीस हिब्रू कवितांच्या शेवटच्या ओळी त्याने या लेखात तपासल्या होत्या. त्या ओळींचा अर्थ तोवर धडपणे कुणालाच लागत नव्हता. त्यांची लिपी हिब्रू आहे, पण भाषा हिब्रू नाही, निव्वळ अरबीही नाही. लॅटिनपासून निघालेली जी बोली त्या काळी दक्षिण स्पेनमध्ये घरोघरी चालत असे, त्या बोलीतले शब्द इथे आहेत, असे स्टर्नने दाखवून दिले.

हा शोध साधा नव्हता. रोमान्स म्हणजे लॅटिनोद्भव भाषांतले सर्वांत जुने भावगीत दक्षिण फ्रान्समधल्या त्रूबादूर कवींचे, असे तोवर समजले जाई. त्यांच्यातला पहिला ज्ञात कवी, आक्वितेनचा नववा विल्यम, 1071 साली जन्मला. कास्तिलियन भाषेतले 'सिदचे काव्य' तर 1200 च्या आसपासचे. स्टर्नच्या वीस कवितांपैकी एक ग्रानादाचा वजीर सॅम्युएल इब्न नग्रेला आणि त्याचा भाऊ यांच्या स्तुतीची आहे. भावाच्या मृत्यूवरून ती 1042 पूर्वीची मानली जाते. स्पॅनिश वाङ्मयेतिहासाचे पहिले पान त्यामुळे बदलले, आणि आजही तिथल्या कित्येक काव्यसंग्रहांची सुरुवात या चिमुकल्या ओळींनी होते. त्या ओळींत नेमके काय लिहिले आहे, याविषयी मात्र पाऊणशे वर्षे वाद चालला आहे. तो आज कुठे उभा आहे, ते पाहायचे आहे.

कवितेचा घाट

अल-अंदलुसमध्ये, म्हणजे इबेरियातल्या मुस्लिम प्रदेशात, मुवश्शहा नावाचा काव्यप्रकार जन्मला. अरबी कसीद्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच यमक चालते. मुवश्शहा मात्र कडव्यांची रचना आहे. ही कडवी बहुधा पाच असतात. प्रत्येक कडव्याच्या पूर्वार्धाचे यमक वेगळे आणि उत्तरार्धाचे सर्वांना समान असते. या समान यमकाच्या अगदी शेवटच्या ओळी म्हणजे खर्जा. कविता भारदस्त अरबीत किंवा हिब्रूत चालते आणि खर्जेपाशी येताच भाषा उतरते. बहुतेक वेळा बोली अरबी येते, थोड्या ठिकाणी रोमान्स येते. त्याआधीच्या कडव्यात कवी सांगून ठेवतो की आता अमकी मुलगी गाते आहे, आणि मग तिच्या तोंडून शेवट होतो. प्रियकर दूर आहे, तो येईल का, आई, मी काय करू, अशा धर्तीच्या त्या ओळी असतात. प्रियकरासाठी बहुतेकदा 'हबीब' हा अरबी शब्द येतो, आणि त्याच्या शेजारी 'मम्मा' असा लॅटिन घराण्यातला शब्द सहज नांदतो.

जुने अरबी लेखक या प्रकाराविषयी काय म्हणतात याला वादात फार वजन आहे. बाराव्या शतकात इब्न बस्सामने लिहिले की काब्रा गावच्या एका कवीने हा प्रकार सुरू केला. तो बोली अरबीतले आणि परभाषेतले शब्द घेई आणि त्यावर मुवश्शहा उभारी. नंतर इजिप्तमधल्या इब्न सना अल-मुल्कने खर्जेचे नियमच सांगितले. ती तिखट असावी, बोलीत असावी, बायका, मुले किंवा मद्यपी यांच्या तोंडी घालावी आणि कवीने ती सर्वांत आधी रचून घ्यावी. पुढचा निम्मा वाद या दोन उताऱ्यांच्या अर्थावर उभा आहे. आधी खर्जा आणि मग कविता, हे खरे असेल तर ती खर्जा कवीने स्वतः रचलेली, की लोकांत गायली जाणारी उचललेली?

अपेक्षा आधी, पुरावा नंतर

स्टर्नचा शोध रिकाम्या जागेत पडला नाही, हे लक्षात घेतल्याशिवाय त्याचे एवढे स्वागत का झाले ते कळत नाही. हुलियान रिबेरा यांनी 1912 मध्ये स्पॅनिश अकादमीपुढच्या भाषणात कोर्दोबाच्या इब्न कुझमान या कवीचा आधार घेऊन, अंदलुसी समाजात रोमान्स गाणी असलीच पाहिजेत असे मांडले होते. 1919 मध्ये रामोन मेनेन्देस पिदाल यांनी कास्तिलियनच्या हरवलेल्या आदिम भावगीताविषयी व्याख्यान दिले. मौखिक परंपरा शतकानुशतके कागदावर न येता जिवंत राहू शकते, हे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे सूत्र होते. त्यामुळे 1948 मध्ये खर्जा सापडल्या तेव्हा जे असणार असे म्हटले होते तेच मिळाले, अशी भावना झाली. दामासो आलोन्सो यांनी पुढच्याच वर्षी या ओळींवर भारावून लिहिले. 1952 मध्ये एमिलिओ गार्सिया गोमेस यांनी अरबी मुवश्शहांतल्या आणखी चोवीस खर्जा प्रसिद्ध केल्या. आधार होता इब्न बुश्राच्या संग्रहाचे एक हस्तलिखित. ते झॉर्झ कोलँ या फ्रेंच अरबीतज्ज्ञाच्या खासगी संग्रहात होते.

यातून जी भूमिका तयार झाली तिला परंपरावादी म्हणता येईल. तिचा गाभा असा : खर्जा हे लोकगीतांचे तुकडे आहेत, गालिसियन-पोर्तुगीजमधली तेराव्या शतकातली 'प्रियकर-गीते' आणि कास्तिलियनमधली नंतरची व्हिलान्सिको गाणी यांच्याशी त्यांचे रक्ताचे नाते आहे, आणि अरबी-हिब्रू कवींनी त्यांना आपल्या कवितेत कोंदण दिले. या बाजूला भक्कम आधार होते. तिन्ही ठिकाणी बोलणारी मुलगी आहे, तिन्ही ठिकाणी आईशी संवाद आहे. मार्गित फ्रेंक यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात हे साम्य फार संयमाने तपासले, आणि साम्य आहे म्हणून वंशावळ सिद्ध होत नाही हेही नोंदवले. या बाजूचे सर्वांत समतोल पुस्तक माझ्या मते तेच. लिओ स्पिट्झर यांनी 1952 मध्येच हा प्रश्न स्पेनबाहेर नेऊन, स्त्रीमुखी गीत युरोपभर सर्वांत जुना थर आहे या मताशी जोडला होता.

कागदावर खरोखर काय आहे?

1973 मध्ये रिचर्ड हिचकॉक या ब्रिटिश अभ्यासकाने खर्जांच्या पुनर्रचनेविषयी शंका मांडणारा लेख लिहिला आणि अभ्यासाची दिशा बदलली. त्याचा आक्षेप सिद्धांतावर नव्हता, वाचनावर होता. तो समजून घ्यायचा तर हस्तलिखिताजवळ थोडे थांबायला हवे.

अरबी आणि हिब्रू या दोन्ही लिप्या मुख्यतः व्यंजने लिहितात, ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. रोमान्स भाषेत स्वरांवरच शब्दाचे लिंग आणि क्रियापदाचा काळ ठरतो, आणि नेमके तेच कागदावर नसते. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला किंवा मधे आलेल्या ब, त, न, य यांचा आकार एकच असतो. वर-खाली दिलेल्या नुक्त्यांनीच ते वेगळे ओळखायचे. मगरिबी, म्हणजे पश्चिमेकडच्या वळणात फ आणि क यांचे नुक्ते पूर्वेकडच्या पद्धतीपेक्षा निराळ्या जागी पडतात. हिब्रूत द आणि र यांच्यात फरक केवळ एका कोपऱ्याचा. आता असा लेखनिक डोळ्यांपुढे आणावा, जो मूळ कवीनंतर कित्येक पिढ्यांनी नक्कल करतो आहे आणि ज्याला ती रोमान्स बोली मुळीच येत नाही. ओळखीचा शब्द असता तर त्याने चूक आपोआप सुधारली असती. इथे तो फक्त आकार उतरवतो. एक नुक्ता सुटला की शब्द दुसराच होतो, आणि दुसऱ्या नकलेत त्यावर तिसरी चूक चढते.

संपादकासमोर म्हणून दहा-पंधरा व्यंजनांची एक साखळी असते. ती कुठे तोडायची, कोणते स्वर भरायचे, कोणता नुक्ता चुकला समजायचे, हे सगळे त्यालाच ठरवावे लागते. सर्वांत जुनी मानली जाणारी ती ग्रानादाची खर्जाच पाहा. तिची सुरुवात सगळे सारखीच वाचतात. पण पुढे डोळे आजारल्याचा उल्लेख येतो तिथे त्या डोळ्यांचे विशेषण प्रत्येक संपादकाने वेगळे वाचले आहे. उलट येहुदा हालेवी या ज्यू कवीने कास्तिलचा राजा सहावा आल्फोन्सो याच्या दरबारी ज्यू वैद्यासाठी रचलेल्या कवितेची खर्जा बरीच स्वच्छ आहे. हा आश्रयदाता ग्वादालाहारा शहरी आला तो सूर्यकिरण उगवावा तसा, असा तिचा आशय. त्यातल्या क्रियापदांना तृतीय पुरुषी एकवचनात शेवटी द आहे. लॅटिनमधल्या अंत्य त चा हा अवशेष कास्तिलियनने पुढे टाकून दिला. हा द कुणा आधुनिक संपादकाच्या कल्पनेतून आलेला नाही, तो अक्षरात आहे. सगळ्या खर्जा एका मापाने मोजता येत नाहीत, ते यासाठीच.

हिचकॉक यांचे म्हणणे असे की काही ओळी रोमान्स म्हणून वाचण्यासाठी इतकी अक्षरे बदलावी लागतात की त्या बोली अरबीतल्या असण्याची शक्यता आधी तपासायला हवी होती. हा आक्षेप टोकाला नेला ऑक्सफर्डच्या ॲलन जोन्स यांनी. 1988 च्या त्यांच्या पुस्तकात अरबी मालिकेतली, म्हणजे अरबी मुवश्शहांतली, प्रत्येक रोमान्स खर्जा हस्तलिखिताच्या छायाचित्रासह दिली आहे. अक्षरामागून अक्षर लावून, आधीच्या संपादकांनी कुठे काय बदलले ते वाचकापुढे ठेवले आहे. गार्सिया गोमेस यांची 1965 ची मोठी आवृत्ती रोमन लिपीत होती, त्यामुळे मूळ अरबी अक्षरे आणि संपादकाचा पाठ यांतले अंतर वाचकाला दिसत नव्हते. ते अंतर जोन्स यांनी उघडे केले. रोमान्स शब्द तिथे आहेत हे त्यांनी नाकारले नाही. आहेत, पण कमी आहेत, अनेक ठिकाणी अनिश्चित आहेत आणि त्यांवर मोठे सिद्धांत उभारण्याइतकी जमीन पक्की नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. परंपरावादी भूमिकेविषयी मला आपुलकी असूनही, या पुस्तकानंतर जुन्या आवृत्त्यांतला पाठ डोळे मिटून उद्धृत करणे अभ्यासकाला शोभत नाही, असे मला वाटते.

छंदाचा प्रश्न

वाचनाइतकाच तीव्र वाद छंदावर झाला. अभिजात अरबी वृत्त लघु-गुरूंवर चालते. रोमान्स पद्य अक्षरसंख्येवर आणि आघातावर चालते. मुवश्शहा कोणत्या पद्धतीने मोजायची? गार्सिया गोमेस आणि कॅलिफोर्नियातले जेम्स मन्रो यांच्या मते ती रोमान्स पद्धतीने मोजली जाते, आणि हा घाटच मुळात स्थानिक गीतातून आला. जोन्स आणि त्यांच्या बाजूचे अरबीतज्ज्ञ म्हणाले की अरबी वृत्तांची जोडणी-मोडणी करून जवळजवळ सगळ्या मुवश्शहा बसवता येतात, बाहेरून काही आणायची गरज नाही. 1980 च्या दशकात 'ला कोरोनिका' या अमेरिकी नियतकालिकात सॅम्युएल आर्मिस्टेड, मन्रो आणि जोन्स यांच्यात यावरून लेखांमागून लेख झडले. भाषा कधीकधी फारच धारदार झाली. पण त्या धारेमुळेच दोन्ही बाजूंना आपापली गृहीतके उघड करावी लागली.

मन्रो यांच्याकडे आणखी एक हत्यार होते, संगीत. मुवश्शहा वाचायची नसून गायची होती. प्रसिद्ध गाण्याच्या चालीवर नवी कविता रचायची आणि त्याची खर्जा जशीच्या तशी उचलायची, ही रूढ पद्धत होती. एकच खर्जा अरबी आणि हिब्रू अशा दोन्ही कवितांत सापडते ती त्यामुळेच. तेराव्या शतकातल्या अल-तिफाशीने लिहून ठेवले आहे की अंदलुसची जुनी गाणी ख्रिश्चनांच्या ढंगाची किंवा अरब उंटवाल्यांच्या ढंगाची असत, आणि पुढे इब्न बाज्जाने दोन्हींचा मिलाफ केला. हा उतारा मोलाचा आहे, पण तो सांगतो चालींविषयी. खर्जेचे शब्द कुणाचे यावर तो गप्प आहे.

कोरिएन्ते यांचा मधला रस्ता

या कोंडीतून वाट काढली ती फेदेरिको कोरिएन्ते यांनी. अंदलुसी बोली अरबीचे व्याकरण आणि कोश त्यांनी स्वतः उभे केले होते, त्यामुळे वादातल्या दोन्ही बाजूंना नसलेले साधन त्यांच्या हाती होते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : अंदलुसी अरबीत स्वरांची ऱ्हस्व-दीर्घता मावळून आघात प्रभावी झाला होता. अभिजात अरबी वृत्त या बोलणाऱ्यांच्या तोंडी गेले तेव्हा गुरूच्या जागी आघात आला. म्हणजे वृत्त अरबी, पण त्याचा उच्चार स्थानिक. दोन्ही बाजूंना जे दिसत होते ते एकाच वस्तूचे दोन पैलू होते.

खर्जांच्या भाषेविषयी त्यांनी दोन्ही मालिका पुन्हा वाचल्या. अरबी मालिकेत बेचाळीस आणि हिब्रू मालिकेत सव्वीस असा त्यांचा हिशेब आहे. त्यांच्या वाचनात रोमान्स शब्द घटतात आणि बोली अरबी वाढते. शुद्ध रोमान्स खर्जा जवळजवळ उरत नाही. उरते ते दोन भाषांत सहज ये-जा करणाऱ्या समाजाचे बोलणे. हे वाचन आज सर्वाधिक स्वीकारले जाते, पण सगळ्यांनी एकमुखाने नव्हे. कोरिएन्ते स्वतःही काही ठिकाणी अक्षरे बदलतात, आणि अरबीचा तज्ज्ञ अरबी शोधतो, हा आक्षेप त्यांच्यावरही घेतला गेला.

मुलगी कोण?

गेल्या चाळीसेक वर्षांत तिसराच प्रश्न पुढे आला, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. खर्जेतली मुलगी बोलते आहे की तिला बोलायला लावले आहे? सगळे ज्ञात कवी पुरुष आहेत. कवितेचा पूर्वभाग अनेकदा आश्रयदात्याच्या स्तुतीचा किंवा पुरुषाने पुरुषावर केलेल्या प्रेमाचा. अशा कवितेच्या शेवटी खालच्या भाषेत बोलणारी मुलगी आणणे हा दरबारी कवीचा डाव असू शकतो. तिचा आवाज तेव्हा साक्ष राहत नाही, भूमिका ठरतो. इब्न सना अल-मुल्कचे नियम वाचताना हीच शंका बळावते.

मराठी वाचकाला हा पेच अनोळखी नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या 'गाहा सत्तसई'तल्या बायका शेतावरून, घरातून बोलतात. तरी तो संग्रह सातवाहन राजा हालाच्या नावावर आहे, आणि संस्कृत नाटकात स्त्रीने गायचे तर महाराष्ट्रीतच, असा संकेत पुढे रूढ झाला. आवाज लोकांतला की दरबाराने घडवलेला, यावर आपल्याकडेही दोन मते आहेत. भाषा बदलणे हेच स्त्रीच्या आवाजाचे चिन्ह ठरणे, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे, आणि हिस्पॅनिक अभ्यासात या तुलनेचा उपयोग व्हावा तेवढा झालेला नाही. अर्थात संकेत आहे म्हणून त्यामागे खरी गाणी नव्हती असे होत नाही. घडवलेल्या भूमिकेलाही कुठूनतरी सूर घ्यावा लागतो.

कुणाचे वाङ्मय?

स्टर्नच्या शोधाच्याच वर्षी अमेरिको कास्त्रो यांचे स्पेनच्या इतिहासावरचे पुस्तक ब्वेनोस आयरेसमध्ये निघाले. ख्रिश्चन, मुस्लिम आणि ज्यू यांच्या सहजीवनातून स्पॅनिशपण घडले, असा त्याचा विषय. क्लौदियो सांचेस-आल्बोर्नोस यांनी 1956 मध्ये त्याला तितक्याच मोठ्या ग्रंथाने विरोध केला. दोघेही फ्रँकोच्या स्पेनमधून परागंदा झालेले. खर्जा या वादात आपसूक ओढल्या गेल्या. 1987 मध्ये मारिया रोसा मेनोकाल यांनी दाखवले की युरोपीय वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांना अरबी वारसा पहिल्या पानावर नकोच होता, म्हणून खर्जा स्वीकारल्या त्या 'आपल्या' भाषेतल्या ओळी म्हणून, भोवतीची अरबी कविता बाजूला ठेवून.

भाषाशास्त्राची अडचण वेगळी आहे. खर्जांतल्या रोमान्स बोलीला 'मोझाराबिक' म्हणण्याची प्रथा आहे, पण मोझाराब म्हणजे मुस्लिम राज्यातले ख्रिश्चन, आणि ही बोली तर मुस्लिम आणि ज्यूही बोलत. शिवाय आजची स्पॅनिश उत्तरेच्या कास्तिलियनची वंशज आहे, या दक्षिणी बोलीची नव्हे. तेराव्या शतकातला टोलेडोचा कवी तोद्रोस अबुलाफिया रोमान्स वापरतो तेव्हा शहर कास्तिलियन सत्तेखाली येऊन शतकाहून अधिक काळ लोटलेला होता, त्यामुळे त्याच्या खर्जा दक्षिणी बोलीचा पुरावा म्हणून सावधपणेच घ्याव्या लागतात. बोलीची माहिती स्थलनामांतून आणि मिगेल आसीन पालासिओस यांनी 1943 मध्ये छापलेल्या एका वनस्पतिज्ञाच्या शब्दसंग्रहातूनही मिळते. खर्जांचे वाचन या स्वतंत्र साधनांशी ताडून पाहणे, ही पद्धत आता बऱ्याच अंशी रुळली आहे.

काय उरले आहे

आज जवळजवळ सगळे मान्य करतात ते इतके : खर्जांत रोमान्स शब्द खरोखर आहेत, रोमान्स असलेल्या खर्जा उपलब्ध मुवश्शहांच्या एक दशांशाहूनही कमी आहेत, त्यांना भोवतालच्या अरबी-हिब्रू कवितेपासून तोडून वाचता येत नाही, आणि कोणताही छापील पाठ हा संपादकाचा अंदाज आहे.

या ओळींमागे आधीचे गीत होते का, हा प्रश्न खुला आहे. तो नव्या साधनांशिवाय सुटेल असे मला वाटत नाही, आणि साधनांपैकी एक हाताशी आहे. जोन्स यांचे पुस्तक फक्त अरबी मालिकेपुरते होते. हिब्रू मालिकेचे काही पाठ काहिराच्या जुन्या सिनेगॉगमधल्या गेनिझात, म्हणजे जुने कागद साठवण्याच्या खोलीत, सापडले, आणि ते इतर प्रतींहून पुष्कळ जुने असू शकतात. इसाक बेनाबू आणि योसेफ याहालोम यांनी 1980 च्या दशकात या तुकड्यांवरून काही खर्जांचे पाठ सुधारता येतात हे दाखवले. गेनिझाचे असंख्य तुकडे आता छायाचित्रांतून घरबसल्या पाहता येतात. पण ते वाचायला हिब्रू पुराक्षरविद्या, अंदलुसी अरबी आणि उत्तर-लॅटिन या तिन्हींची तयारी एकाच माणसात लागते. विद्यापीठांत या तिन्ही गोष्टी तीन विभागांत शिकवल्या जातात. स्पॅनिशचा विद्यार्थी अरबी शिकत नाही, अरबीचा विद्यार्थी जुनी रोमान्स शिकत नाही. स्टर्नपाशी यांतल्या दोन भाषा पक्क्या होत्या आणि तिसरीसाठी इतरांचे ऐकण्याची तयारी होती. येत्या काळात कोणता पक्ष जिंकतो यापेक्षा असे दोन-चार विद्यार्थी कोणते विभाग घडवतात, यावर या प्रश्नाची पुढची पावले ठरतील.